फळीवरचं अक्षर

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग दारातून जिन्यावर सांडला होता, खिडकीच्या गजांमधून चेहरे आत घुसू पाहत होते आणि मागचे लोक खुर्च्यांवर चढून उभे होते. सगळ्यांच्या मधोमध, निळ्या मॅटवर, आमच्या भागातले हाडांचे डॉक्टर आपला उजवा हात डाव्या हाताने दाबून धरत उभे होते. दुखतंय हे दिसू नये म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, आणि त्यामुळेच ते सगळ्यांना दिसत होतं.

"डॉक्टर, आता तुमचा एक्स-रे कोण काढणार?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदून हसला.

डॉक्टरांसमोर दोन शिष्य एक चौकोनी, काळी फळी दोन्ही कडांना धरून पुतळ्यासारखे उभे होते. डॉक्टर रोज पोहणारे, खांद्यांनी भरलेले. त्यांनी तळव्याच्या टाचेने तीनदा जीव खाऊन मारलं होतं. फळीला साधा तडाही गेला नव्हता.

"डॉक्टरसाहेब, हात दुखला?" महागुरूंनी मधाळ आवाजात विचारलं. "हात नाही दुखला. शंका दुखली! हात तुमचा पोलादी आहे हो, पण प्राण कुठंय? प्राण मनगटाशी अडकलाय. पुस्तकांचं बूच बसलंय त्याला!"

टाळ्यांचा पाऊस पडला. महागुरूंनी हात वर करून तो थांबवला. पांढराशुभ्र गणवेश, त्यावर काळा पट्टा, पट्ट्यावर एवढी सोनेरी नक्षी की मूळचा काळा रंग शोधावा लागे. कोरियातल्या डोंगरांत वर्षानुवर्षं केवळ श्वासावर राहिलो, असं ते सांगत. त्यांच्या पोटाकडे पाहिल्यावर श्वासात बरंच तूप असावं असं वाटे.

"आता पाहा. जिच्या हाडांना या डॉक्टरांनी भुसा म्हटलं, ती माझी लेक पुढे येईल."

गर्दीतून एक बाई पुढे आली. वय पासष्टीकडे झुकलेलं, किरकोळ बांधा, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात आमच्या क्लासचा गणवेश आणि कमरेला पिवळा पट्टा. त्या माझ्या विहीणबाई होत्या.

महागुरूंनी डोळे मिटून पिशवीतून नवी फळी काढली, तिच्यावरून हात फिरवला आणि शिष्यांच्या हातात दिली. "जशी देतो तशीच धरा." मग विहीणबाईंच्या कपाळावर अंगठा टेकवून म्हणाले, "मला नको, फळीला नको, आपल्या शंकेला मार."

विहीणबाईंनी मारलं. मारलं कसलं, दार ढकलावं तसा तळवा टेकवला. काडकन आवाज झाला आणि फळीचे दोन तुकडे शिष्यांच्या हातात राहिले.

मग हॉल फुटला. लोक एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते, एक बाई रडत होती. विहीणबाई आपल्या तळव्याकडे पाहत होत्या, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद इतका निखळ होता की मलाही टाळी वाजवावीशी वाटली. मी वाजवली नाही, एवढंच.

इथे आमची थोडी ओळख करून देतो, नाहीतर आमच्यासारखी म्हातारी माणसं मारामारीच्या क्लासात काय करत होती, असं तुम्ही विचाराल.

मी जन्मभर शाळेत लहान मुलांना शिकवलं. निवृत्त झाल्यावर पाठ धरली. विहीणबाई बँकेत होत्या. त्या स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हाडं ठिसूळ झाली आहेत. ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन, रोज गोळी, आणि तोल सुधारेल असा काहीतरी व्यायाम. आमची दोघांची मिळून एकच नात. ती तायक्वांदोला जायची. "तुम्ही दोघंही चला की," ती म्हणाली. "नुसतं बाकावर बसून माझे बूट राखता." म्हणून आम्ही गेलो. उंच लाथा, झेपा यातलं आम्हाला काही नव्हतं. एका पायावर उभं राहायचं, वळायचं, हळू हात-पाय फेकायचे आणि पडलंच तर कसं पडायचं ते शिकायचं.

या क्लासची एक रीत फार मजेशीर. तिथे वयाला मान नाही, पट्ट्याला आहे. रांग लागते ती पट्ट्याच्या रंगाने. माझी अकरा वर्षांची नात निळ्या पट्ट्याची, म्हणून पहिल्या रांगेत. आम्ही दोघं पिवळे, म्हणून सगळ्यांत मागे, भिंतीला लागून. आम्हाला सराव द्यायचं काम क्लास चालवणाऱ्या सरांनी नातीकडे सोपवलं होतं. मॅटवर पाय ठेवला की मी तिला वाकून नमस्कार करायचा आणि 'ताई' म्हणायचं. एकदा चुकून "अगं पिल्ला" म्हणालो, तर सगळ्यांसमोर तिने मला जोर काढायला लावले.

ती कोरियन शब्दांत हुकूम सोडायची. 'शिजाक' म्हणजे सुरू. 'कुमान' म्हणजे थांब. कुमानबाबत सर फार कडक. उचललेला हात तिथेच, हवेतला पाय तिथेच. "मारता सगळ्यांना येतं," ते म्हणत. "थांबता येतं तो शिकलेला." सुरुवातीला कुमान म्हटलं तरी विहीणबाई आणखी दोन पावलं पुढे जायच्या आणि भिंतीला धरायच्या. हळूहळू मात्र तो शब्द कानातून थेट अंगात जायला लागला. डोक्याला कळायच्या आधी हात थांबायचा.

माझा पाय कमरेच्या वर कधी गेला नाही. त्याची भरपाई म्हणून मी कोरियन अक्षरं शिकायला घेतली. कपडे बदलायच्या खोलीत त्यांचा तक्ता होता. नात आणि मी येता-जाता वाचायचो.

अशात सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते काही महिन्यांसाठी आपल्या भावाकडे दूर गेले. क्लास बंद पडू नये म्हणून हॉलच्या अध्यक्षांनी या महागुरूंना आणलं. पहिल्याच दिवशी महागुरूंनी सराव बंद केला. "घाम गाळून काय मिळतं? वास!" ते म्हणाले. मग श्वास, मग प्राण, मग फळ्या. सर लहान मुलांना पुन्हा जोडता येणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्या द्यायचे, त्यामुळे लाकडाची फळी आमच्यापैकी कुणी तोवर हातात धरली नव्हती. प्लास्टिकची फळी कशी फुटते ते ठाऊक असलं की लाकडाचंही ठाऊक आहे असं वाटतं. आमची चूक तिथे झाली.

फळीच्या दोन्ही बाजू आणि कडा जाड काळ्या रंगाने माखलेल्या असत. मधोमध सोनेरी खूण. एक गोल, त्याच्या शेजारी रेघ आणि रेघेच्या मध्यावर बाहेर आलेली एक छोटी काडी.

"हे प्राणचिन्ह," महागुरू सांगत. "गोल म्हणजे ब्रह्मांड. दांडा म्हणजे माझा कणा. आणि ही काडी म्हणजे माझ्या गुरूंचा आशीर्वाद."

नात माझ्या कानाशी लागली. "आजोबा, हे तर नुसतं 'आ' आहे. तक्त्यातलं."

"हळू बोल."

"पण आहेच ना 'आ'?"

होतंच. पण त्यावरून काय सिद्ध होतं? भामट्यालाही अक्षर काढता येतं. त्या दिवशी मी विषय तिथेच सोडला.

डॉक्टरांची फजिती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा आमच्याकडे फोन आला. सुनेने, म्हणजे त्यांच्या लेकीने, तो घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई म्हणते इंजेक्शन नको आता. महागुरू म्हणाले, औषधाने प्राण गोठतो. गोळ्याही बंद केल्यात तिने." ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हीच सांगा तिला. माझं ऐकत नाही. पुन्हा पडली तर खुबाच जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते."

मी तरी काय सांगणार होतो? मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पैलवानी हाताला न फुटलेली फळी ठिसूळ हाताने फोडली होती. 'हे शक्य नाही' असं नुसतं म्हणून चालत नाही. कसं झालं ते सांगावं लागतं.

संध्याकाळी नात जेवणाच्या टेबलावर आईचा मोबाइल घेऊन बसली होती. कार्यक्रमाचे फोटो पाहत होती. एकाएकी ती म्हणाली, "आजोबा, डॉक्टरांच्या फळीवर 'आ' नाहीये."

"मग काय आहे?"

"'ऊ'."

मी चष्मा लावला. खरंच. डॉक्टरांच्या फळीवर गोल वर होता, त्याखाली आडवी रेघ, आणि रेघेतून काडी खाली लोंबत होती. कोरियन 'ऊ'. आजीच्या फळीवर गोल डावीकडे आणि रेघ उभी. 'आ'.

"व्यायामशाळेतले दादा पण 'ऊ'," ती भराभर फोटो सरकवत होती. हे दादा महागुरूंच्या बोलण्यावर हसले होते, आणि त्यांचीही फळी फुटली नव्हती. "औषधाच्या दुकानातले काका 'आ'. अध्यक्ष काका 'आ'." त्या दोघांच्या फुटल्या होत्या. "ज्यांची फुटली ते आ, ज्यांचा हात सुजला ते ऊ! आजोबा, फळीला आधीच माहीत होतं कोण कसं ओरडणार ते!"

मला हसू आलं, आणि ते तिथेच विरलं.

"म्हणजे दोन प्रकारच्या फळ्या आहेत," मी म्हणालो. "कच्च्या आणि पक्क्या."

नातीने मोबाइल आडवा केला. फोटोही आपोआप फिरून सरळ झाला. तिने पुन्हा फिरवला, फोटो पुन्हा सरळ झाला. "ए, थांब ना!" ती त्याच्यावर वैतागली आणि शेवटी मोबाइल टेबलावर ठेवून स्वतःचंच डोकं आडवं केलं. तशीच, कान खांद्याला लावून, म्हणाली, "दोन प्रकार नाहीत. एकच आहे. 'आ' आडवा पाडला की 'ऊ' होतो."

फळी चारही बाजूंनी सारखी होती. चौकोन फिरवला तर कुणाला कळणार? आणि अक्षर वाचता येत नसेल तर गोल आणि रेघ कशीही असो, खूण ती खूणच.

पण फळी फिरवल्याने काय बदलत होतं? मी समोर पडलेलं वर्तमानपत्र उचललं आणि विचार करता करता, हाताला चाळा म्हणून, फाडलं. सरळ रेषेत फाटलं. दुसऱ्या बाजूने फाडलं. वाकडंतिकडं, करवतीसारखं. मी तसाच उठलो आणि चपला घातल्या.

विहीणबाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. त्यांनी दार उघडलं तेव्हा पहिलं लक्ष गेलं ते शोकेसकडे. नवऱ्याच्या फोटोशेजारी त्यांनी फुटलेल्या फळीचा अर्धा तुकडा उभा करून ठेवला होता.

"या व्याहीबुवा. फितवायला आलात ना? लेकीचा फोन आधीच आला होता."

"पाहू का जरा?" मी तुकडा हातात घेतला. सगळीकडे काळा रंग, फक्त जिथे फुटली तिथे कोरं लाकूड. फुटलेली कड पट्टीने आखावी तशी सरळ होती आणि तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबच लांब तंतू गेले होते. एकही तुटलेला नव्हता. ते फक्त एकमेकांपासून सुटले होते.

मी त्यांना बसवून सांगितलं. "लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेले धागे. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटतं, दुसऱ्या बाजूने वाकडं, तसंच. समजा, काडेपेटीतल्या काड्या शेजारी शेजारी चिकटवून पट्टी केली. दोन काड्यांमधून ती मोडायला काय लागतं? काही नाही, सुटते. पण सगळ्या काड्या एकदम मधून मोडायच्या तर? तुमच्या फळीत धागे उभे होते. शिष्यांनी डाव्या-उजव्या कडा धरल्या होत्या, तुम्ही मध्ये दाबलं, धागे सुटले. डॉक्टरांची फळी फिरवून दिली होती. त्यांना सगळे धागे तोडायला लागले असते. रंग लावलाय तो धागे दिसू नयेत म्हणून. आणि खूण आहे ती महागुरूंना दिशा कळावी म्हणून."

त्यांनी तुकडा माझ्या हातातून काढून घेतला आणि पदराने पुसला.

"तुम्हाला माझं कौतुक बघवत नाही," त्या म्हणाल्या.

"विहीणबाई..."

"ऐकून घ्या. मनगट मोडल्यापासून मी काचेचं भांडं झालेय. लेक म्हणते, आई, बादली उचलू नकोस. शेजारीण म्हणते, मावशी, जिना जपून. त्या दिवशी मी काहीतरी मोडलं. मी मोडलं! पहिल्यांदा वाटलं, मी अजून कुणीतरी आहे. आणि तुम्ही आलात काडेपेटी घेऊन."

खरं सांगायचं तर मी धडा समजावायला आलो होतो, समोरची विद्यार्थिनी काय गमावणार आहे ते मोजलंच नव्हतं. उठताना मी एवढंच म्हणालो, "माझं नका ऐकू. रविवारी महागुरूंनाच विचारा, सगळ्यांसमोर, की इंजेक्शन घेऊ का. शिकवणारा खरा असेल तर प्रश्नाला रागावणार नाही. मी इतकी वर्षं हेच काम केलंय."

"विचारीन," त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. "आणि ते काय उत्तर देतात ते तुम्हीही ऐका."

हे सांगून मी त्यांना कशाच्या तोंडी देत होतो, ते मला रविवारी कळलं.

त्या दिवशी गर्दी आधीपेक्षा जास्त होती. महागुरूंच्या प्राणशिबिरासाठी नावं घ्यायला दारात टेबल मांडलं होतं. डॉक्टरही आले होते, हाताला पट्टी बांधून. मी त्यांना आदल्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं होतं. ते मागे दाराशी उभे होते. आम्हा विद्यार्थ्यांना मॅटच्या कडेने पट्ट्याप्रमाणे बसवलं होतं. नात सगळ्यांत पुढे, शिष्यांपासून चार हातांवर. मी टोकाला, भिंतीशी. मध्ये तीस-चाळीस मुलं.

"आज माझी ही लेक पुन्हा प्राण दाखवेल!" महागुरू गरजले. "डॉक्टरांच्या भुशातून विजा काढून दाखवेल! पण आज हळू नाही हं लेकी. आज सगळा जीव ओतून, खांद्यापासून!"

विहीणबाई मध्ये आल्या. वाकून नमस्कार केला. आणि म्हणाल्या, "गुरुजी, एक विचारायचं होतं."

"विचार, विचार."

"माझं हाडांचं इंजेक्शन चुकलंय. ते घेऊ की नको? आणि..." त्या अडखळल्या. "डॉक्टरांची फळी आणि माझी फळी, दोन्ही सारख्याच धरल्या होत्या ना?"

महागुरूंचं हसू जागेवर होतं, पण ते आता फक्त ओठांवर उरलं होतं.

"शंका," ते म्हणाले. "पाहिलंत? हिच्याही मनात कुणीतरी किडा सोडला. ठीक आहे. हातच उत्तर देईल. प्राण असेल तर फळी फुटेल. शंका असेल तर हाड."

त्यांनी पिशवीत हात घातला. या वेळी डोळे मिटले नाहीत. फळी काढली, शिष्यांच्या हातात दिली. "जशी देतो तशीच धरा."

भिंतीशी बसून मी मान उंचावली. दोन डोक्यांच्या फटीतून मला सोनेरी खूण दिसली. गोल वर. रेघ आडवी.

मी उठायला गेलो. मांडी घालून बसलेला साठीचा माणूस एकदम उठत नाही. पाय बधिर झाले होते, मी हात टेकून पुन्हा खाली बसलो. ओरडलो, पण हॉल एका तालात टाळ्या वाजवत होता आणि माझा आवाज माझ्याच कानाला ऐकू आला नाही. विहीणबाईंनी डावा पाय पुढे टाकला. खांदा मागे नेला. एकदा मोडलेलं ते मनगट त्यांनी कानाशी आणलं. त्या खरंच सगळा जीव ओतणार होत्या.

"कुमान!"

टाळ्यांच्या वर तो आवाज चढला. पातळ, धारदार, पोटातून आलेला. नात उभी होती.

विहीणबाईंचा हात फळीपासून वीतभर अंतरावर थांबला होता. त्यांनी ठरवून थांबवला नव्हता. चेहरा अजून मारण्याचाच होता, हात मात्र थांबला होता. पायही हलला नव्हता. आमची सगळी मुलं होती तिथे, होती तशी गोठली होती. एकाचं बोट नाकाशी होतं, ते तिथेच राहिलं.

फक्त महागुरू हलत होते. "कोण ओरडलं? काय म्हणाली? कुमान? कुणाचा मान? इथे मान फक्त गुरूचा! मार लेकी, मार!"

पहिल्या रांगेत एक मुलगी फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळी रांग.

"याला कुमान कळत नाही!" एक पोरगा ओरडला. "कोरियात राहून कुमान कळत नाही!"

"गप्प!" महागुरू गरजले, पण आता त्यांचा आवाज फाटला होता.

नात मॅटच्या मध्ये गेली. आधी आजीचा हात धरून खाली घेतला. "आजी, हा 'ऊ' आहे," ती म्हणाली. मग गर्दीकडे वळली. ती घाबरली होती, मला दिसत होतं. पट्ट्याचं टोक मुठीत आवळून ती म्हणाली, "फळी फिरवली आहे. डॉक्टरांना पण फिरवून दिली होती. फोटोत आहे."

तोवर मी लंगडत पोचलो होतो. "महागुरू," मी म्हणालो, "विहीणबाईंच्या मनात शंका आहे, त्यांना राहू दे. तुमच्या मनात तर नाही? ही फळी अशीच धरलेली आहे. तुम्ही फोडा."

"मी प्रदर्शन करत नाही."

"गेला महिनाभर काय चाललंय मग?" दारातून कुणीतरी म्हणालं.

"आज माझं श्वासाचं व्रत आहे. आणि तुम्ही सगळ्यांनी शंकेने हवा नासवलीत! या हवेत फळी फुटणारच नाही!"

"अच्छा," डॉक्टर गर्दीतून वाट काढत पुढे आले. "हवा नासलीय, आणि या हॉलमध्ये सर्वांत मोठी शंका माझी. बरोबर? मग बघू." ते शिष्यांना म्हणाले, "पोरांनो, फळी तीच ठेवा. फक्त अशी फिरवा. रेघ उभी."

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग धाकट्याने, का कोण जाणे, फळी फिरवली. डॉक्टरांनी पट्टी बांधलेला उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या तळव्याने सहज धक्का दिला.

काडकन दोन तुकडे.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टरांनी एक तुकडा उचलला आणि फुटलेली कोरी कड पुढच्या माणसाच्या हातात दिली. तो तुकडा हातोहात मागे जाऊ लागला. लोक बोटाने तंतू चाचपत होते. मी उभे-आडवे धागे समजावत होतो, अध्यक्ष कपाळाला हात लावून खुर्चीत बसले होते. या सगळ्यात महागुरू मागच्या दाराने कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. पिशवी राहिली. तिच्यातल्या फळ्या मुलांनी त्याच दुपारी उभ्या-आडव्या करून तपासल्या, आणि डॉक्टर त्यांच्या हातांवर लक्ष ठेवायला थांबले.

विहीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. लेकीबरोबर गेल्या, इंजेक्शन घेतलं, गोळ्या सुरू केल्या, पण मला फोन नाही की निरोप नाही. मला वाटलं, हे नातं आता कार्यापुरतं उरणार.

एका सकाळी सून घाईने म्हणाली, "बाबा, आई आपल्या जिन्याखाली बायका गोळा करून उभी आहे. काय करतेय कोण जाणे."

मी खिडकीतून पाहिलं. शिबिरात नाव घातलेल्या पाच-सहा जणी होत्या. त्यांतल्या दोघींनी महागुरूंच्या सांगण्यावरून मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि फळी प्रकरणानंतरही पुन्हा सुरू केल्या नव्हत्या. लाजेने. औषध पुन्हा घेतलं म्हणजे आपण फसलो हे कबूल केल्यासारखं होतं ना! विहीणबाईंच्या हातात वर्तमानपत्र होतं.

"मी फसले," त्या मोठ्याने सांगत होत्या. "बँकेत सह्या तपासण्यात जन्म गेला माझा, आणि मी फसले. का, तर मला ते खरं व्हायला हवं होतं. हं, हा कागद फाडा. तू फाड. आता असा फाड. दिसलं? एवढंच होतं ते. यात प्राणही नाही आणि आपल्या गोळ्यांचा दोषही नाही. आता मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते. डॉक्टर ओरडले तर आधी मला ओरडतील."

एक बाई पुटपुटली, "लोक हसतील हो."

"हसू देत. हाड मोडलं की त्यांपैकी एकही उचलायला येत नाही."

मी खाली गेलो नाही. शिकवणारा माणूस वर्गात असताना दुसऱ्याने मध्ये जाऊ नये.

मुलांनो, मोठ्यांनो, मी तुम्हाला फार काही सांगणार नाही. चमत्कार दिसला की तोंड उघडं पडतं, ते पडू द्या. नवल वाटणं ही फार चांगली गोष्ट आहे. सगळं शिकणं तिथूनच सुरू होतं. पण तिथेच थांबू नका. हे कसं झालं, असं विचारा. उलट करून, फिरवून, आडवं धरून पुन्हा पाहा. जो तुम्हाला फिरवून पाहू देत नाही, जो प्रश्नाला शंका आणि शंकेला पाप म्हणतो, त्याच्या सांगण्यावरून आपलं औषध कधी सोडू नका. आणि फसलात, तर ते मोठ्याने सांगा. तुम्ही गप्प राहिलात तर तुमच्या शेजारचं माणूस उद्या त्याच रांगेत उभं राहील.